साठ किलो चारशे

मी एक जुना वजनकाटा आहे. बॉक्सिंग शिकवतात त्या हॉलमध्ये, दारातून आत आलं की डाव्या हाताला, पाण्याच्या पिंपाशेजारी मी उभा असतो. माझ्यावर चढायचं, आकडा बघायचा, तोंड वाकडं करायचं आणि उतरायचं, एवढीच माझी न् लोकांची ओळख. जाता जाता 'हा काटा जरा जास्तच दाखवतो' असं म्हणायची पद्धतही आहे. आदल्या दिवशी कोणी काय चापलंय, ते मला ठाऊक असतं, पण मी बोलत नाही. आज मात्र बोलणार आहे, कारण मित्रांनो, एकदा मी खरोखरच चुकीचा आकडा दाखवला होता.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. अंग ओतीव लोखंडाचं, पायाखालची फळी जाड पत्र्याची, आणि छातीच्या उंचीवर एक आडवी दांडी. त्या दांडीवर मागेपुढे सरकणारं एक पितळी वजन असतं. माणूस फळीवर उभा राहिला की ते वजन सरकवत न्यायचं. दांडी मधोमध स्थिर झाली की वजन ज्या आकड्यावर असेल, तेवढं त्या माणसाचं वजन. इतका सोपा कारभार. पण मला घडवणारा कारागीर तीन दिवस त्या पितळी तुकड्याच्या मागे लागला होता. कानशीचा एक हात मारायचा, तोलायचा, पुन्हा एक हात मारायचा. मी विकला गेलो तेव्हा त्यानं गिऱ्हाइकाला बजावलं की बाकी अंगाचं काहीही करा, या पितळेच्या वाटेला जाऊ नका, त्याला घासू नका की रंगवू नका. गिऱ्हाइकानं मान डोलावली आणि बाहेर पडेपर्यंत ते विसरूनही गेलं.

पहिली बावीस वर्षं मी एका साबणाच्या कारखान्यात काढली. दिवसभर खोकी चढायची, उतरायची. अंगाला सतत वास यायचा, पण तो चांगला वास होता, तक्रार नाही. तिथे वर्षातून एकदा वजनमापांचे निरीक्षक यायचे. त्यांच्याबरोबर सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं असायची. ती एकावर एक फळीवर रचून ते माझी परीक्षा घ्यायचे आणि पास झालो की बाजूला नवा शिक्का ठोकायचे. मला त्या दिवसाची धाकधूक वाटायची आणि अभिमानही वाटायचा. कारखाना बंद पडला, सामान विकायला निघालं, तेव्हा एका तरुण माणसानं मला हातगाडीवर घालून इथे आणलं. त्याला आता सगळे 'सर' म्हणतात. सर निवृत्त बॉक्सर. नाक दोनदा मोडलेलं, आवाज खरखरीत, आणि स्वभाव असा की दोरीचा तुकडासुद्धा टाकून देणार नाहीत. माझी इथली नोकरी तेव्हापासूनची. निरीक्षक मात्र पुन्हा कधी आले नाहीत. माणसं तोलणाऱ्या काट्याची परीक्षा घ्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता इथला नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. आमच्याकडे ते चार-चार किलोंचे, भिंतीवर रंगवलेले: अठ्ठेचाळीसपर्यंत, बावन्नपर्यंत, छप्पन्नपर्यंत, साठपर्यंत, चौसष्टपर्यंत. साधारणपणे आपापल्या गटात लढायचं असतं. पण हॉल छोटा, मुली मोजक्या. एका गटात तिघी, तर दुसऱ्यात एकच. ती एकटी काय आरशाशी लढणार? म्हणून सरांनी गटाबाहेर लढायची परवानगी दिली आणि त्यासाठी गुणांचा हिशोब बसवला. आपल्या गटातलीला हरवलं तर दहा गुण. वरच्या गटातलीला हरवलं तर प्रत्येक गटामागे पाच जास्त. खालच्या गटातलीला हरवलं तर प्रत्येक गटामागे दोन कमी. वजनदार मुलीशी लढून हरली, पण शेवटच्या घंटेपर्यंत उभी राहिली, तर तीन गुण. त्यांना सर 'टिकल्याचे तीन' म्हणत. तीन गटांच्या वर मात्र कुणी जायचं नाही, ही सक्त ताकीद. वजन करायचं लढतीच्या दिवशी सकाळी, माझ्यावर, आणि तोच आकडा अखेरचा. वर्षअखेरीला फळ्यावर जिचे गुण सर्वांत जास्त, तिला राज्याच्या मोठ्या शिबिरात पाठवायचं. जागा एकच. तिथून संघात निवड होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

या नियमावर कटकटी झाल्याच. सर्वांत मोठा आवाज भंगारवाल्या काकांचा होता. त्यांची मुलगी चौसष्टच्या गटात, म्हणजे आमच्याकडे सर्वांत वजनदार. लढताना नाकानं फुस्स फुस्स आवाज काढायची, म्हणून तिचं नाव इंजिन पडलं होतं. ती बहुतेक वेळा जिंकायची, पण समोरची खालच्या गटातली असल्यामुळे गुण मिळायचे आठ नाहीतर सहा. काका म्हणायचे, माझ्या पोरीनं मार खाल्ला, मार दिला, जिंकली आणि वर गुण कापले, हा कुठला न्याय. सर शांतपणे सांगत की तुमच्या मुलीच्या मुठीमागे आठ किलो जास्त आहेत, ते तिनं सकाळी खाल्लेत, शिकलेली नाही. गुण शिकलेल्याचे मिळतात. काका धुसफुसत घरी जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलीला वेळेवर आणून सोडत.

दुसरी होती चिमणी. आई चपलांच्या कारखान्यात शिलाईकाम करायची, तिकडून सुटली की इथे बाकावर येऊन बसायची. चिमणी बावन्नच्या गटात, त्या गटात ती एकटीच, आणि तिच्या खालच्या गटात कुणीच नाही. म्हणजे जी लढत मिळेल ती वरच्यांशीच. वर्षभरात तीनदा ती एक गट वरच्या मुलींशी जिंकली, त्याचे पंचेचाळीस. पाच वेळा आणखी वरच्यांकडून हरली, पण पडली नाही, त्याचे पंधरा. एकूण साठ. तिच्या आईला ते 'टिकल्याचे तीन' अजिबात आवडायचे नाहीत. लेकीचा सुजलेला गाल पुसताना ती म्हणायची की तीन गुणांसाठी एवढं, तर तिसांसाठी काय जीव देणार आहेस? चिमणी हसायची. हसताना गाल दुखायचा, मग थांबायची.

वर्षाच्या शेवटी इंजिनचे चौऱ्याऐंशी झाले होते, चिमणीचे साठ, बाकीच्या सगळ्या मागे. उरला होता वार्षिक दिवस आणि प्रत्येकीची एक लढत. चिमणीनं सरांकडे इंजिनशीच लढत मागितली. तिनं बाकावर बसून बोटांवर हिशोब केला होता. इंजिन तीन गट वर. जिंकली तर दहा आणि पंधरा, पंचवीस. साठ आणि पंचवीस, पंच्याऐंशी. दुसऱ्या कुणालाही हरवलं तरी पुरत नव्हतं. सरांनी दोनदा विचारलं, आईला विचारलं, इंजिनला जाड हातमोजे घालायला लावायचं ठरवलं आणि मग हो म्हणाले.

आणि आता माझी गोष्ट.

वार्षिक दिवसाला शिबिराचे अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते. सरांनी हॉल झाडून घेतला, रिंगचे खांब लाल रंगवले, बाक लाल रंगवला. डब्यात रंग उरला. टाकून कसा देणार? त्यांची नजर माझ्याकडे वळली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षं साबण आणि वीस वर्षं घाम, अंगावर पोपडे आले होते. सरांनी ब्रश घेतला, मायेनं सगळीकडे रंग फिरवला आणि त्या भरात पितळी वजनालाही रंगाचे दोन हात देऊन टाकले. वाळल्यावर त्यांनी वजन शून्यावर ठेवून पाहिलं. दांडी एका बाजूला कलत होती. माझ्या दांडीच्या टोकाला एक छोटा नट आहे, तो फिरवून त्यांनी दांडी मधोमध आणली. शून्यावर शून्य दिसलं, सर खूश झाले.

चूक इथेच झाली. मी ती कुणाला सांगू शकत नव्हतो. रंगानं पितळी वजन थोडं जड झालं होतं. जड वजन कमी सरकवलं तरी दांडी मधोमध येते, म्हणजे आकडा खराहून कमी दिसतो. रिकामा असताना मी बरोबर होतो, पण माणूस उभा राहिला की चुकत होतो. जेवढा माणूस जड, तेवढी चूक मोठी.

सकाळी वजनं झाली. चिमणी पन्नास किलो आठशे. खरी थोडी जास्त होती, पण गट तोच राहिला. मग इंजिन चढली. सरांनी वजन सरकवलं, दांडी हलली, थांबली. एकोणसाठ किलो आठशे.

सरांनी पुन्हा बघितलं. तेच. भिंतीवरच्या गटांकडे पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं की इंजिन साठच्या गटात. म्हणजे चिमणीपेक्षा तीन नाही, दोनच गट वर. जिंकली तरी वीस गुण. साठ आणि वीस, ऐंशी. इंजिनचे चौऱ्याऐंशी आधीच होते. लढत व्हायच्या आधीच शिबिराची जागा ठरून गेली होती.

बाकावर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, पोरीनं दोन दिवस उपाशी राहून वजन उतरवलं, डोकं आहे. कुणी म्हणालं, बापाचं डोकं असणार. मला लाज वाटत होती, मित्रांनो. लोखंडाला लाज वाटत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी लोखंड झालेला नाहीत. इंजिननं माझ्यावरून उतरताना पितळी वजनाकडे एकदा पाहिलं. भंगारवाल्याची मुलगी ती, काट्यांमध्ये वाढलेली. तिला रंग दिसला. तरी ती गप्प राहिली, हेही मी पाहिलं.

चिमणीच्या आईनं लेकीला बाजूला घेतलं. आता जिंकूनही काही हाती लागणार नाही, मग कशाला नाक फोडून घ्यायचं, कपडे बदल आणि चल घरी, असं तिचं म्हणणं. चिमणी बुटाच्या नाड्या बांधत होती. ती एवढंच म्हणाली, "वर्षभर हरायला उभी राहिले गं, आई. आज जिंकायला तरी उभी राहू दे."

लढत दुपारी चारला झाली. पाहुणे पहिल्या रांगेत होते. मी दारापाशी असल्यामुळे मला सगळं दिसत नाही, पण इंजिनचं फुस्स फुस्स मला ऐकू येत होतं आणि चिमणीचे पाय दिसत होते. ते पाय एका जागी थांबतच नव्हते. पहिल्या फेरीत इंजिननं तिला दोनदा दोरीला नेऊन टेकवलं. दुसऱ्या फेरीत चिमणी आत घुसायची, दोन मारायची आणि इंजिनचा हात येईपर्यंत निघून गेलेली असायची. तिसऱ्या फेरीत इंजिनचा श्वास इतका मोठा झाला की पाहुणे हसले. घंटा झाली. तिघा पंचांपैकी दोघांनी चिमणीला विजयी ठरवलं. सरांनी फळ्यावर साठ खोडून ऐंशी लिहिलं. टाळ्या झाल्या. मग पाहुणे उठले आणि इंजिनचं अभिनंदन करायला लागले, कारण चौऱ्याऐंशी तिचे होते. भंगारवाले काका तर खुर्चीवर उभे राहिले होते.

चिमणीनं स्वतःहून इंजिनचा हात हातात घेतला आणि शुभेच्छा दिल्या. माझ्या मते तिथेच झालं ते झालं. इंजिनचा चेहरा पडला. ती पाहुण्यांना सोडून सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, काटा चुकतोय."

सरांना आधी रागच आला. म्हणाले, सकाळीच शून्य बघितलंय मी, माझ्या हातानं बघितलंय.

"शून्य सगळेच बघतात, सर. वजन ठेवून कोण बघतं? मी सकाळी बाबांच्या काट्यावर साठ चारशे होते. भरपेट खाऊन आले होते." तिनं पितळी वजनावरच्या रंगाकडे बोट दाखवलं. "मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही."

सरांनी व्यायामाच्या चकत्या आणायला सांगितल्या, पण इंजिन म्हणाली की त्या झिजलेल्या आहेत, त्यांचा भरवसा नाही. दुकानात शिक्क्याची वजनं आहेत, वीस-वीसची तीन. ती आणायला तिनं वडिलांनाच सांगितलं. काका खुर्चीवरून उतरले होते. दुकान समोरच्या गल्लीत, पण ते लगेच निघाले नाहीत. तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "कळतंय ना तुला, काय होणारे ते?"

"कळतंय, बाबा."

"मग आणू?"

"आणा."

काका गेले आणि ढकलगाडीवर तीन वजनं घेऊन आले. मी ती लांबूनच ओळखली. तसलाच सरकारी शिक्का, साबणाच्या कारखान्यात दर वर्षी यायचा तसा. वीस वर्षांनी माझी परीक्षा होत होती, आणि या वेळी मी नापास होणार हे मला आधीच ठाऊक होतं. काकांनी स्वतः वाकून एकेक वजन फळीवर ठेवलं. वीस, चाळीस, साठ. सरांनी पितळी वजन सरकवलं.

एकोणसाठ किलो चारशे.

साठ ठेवले आणि सहाशे ग्रॅम कमी. सकाळचे एकोणसाठ आठशे, त्यात सहाशे मिळवले की साठ चारशे. इंजिननं सांगितला होता तोच आकडा. सरांनी खिशातून चावी काढली आणि पितळी वजनाचा रंग तिच्या टोकानं खरवडायला सुरुवात केली. लाल पापुद्रे माझ्या फळीवर पडले. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले की चूक काट्याची नाही, माझी आहे, उरलेला रंग मला टाकवला नाही. त्यांनी त्या दिवशीच्या सगळ्या मुलींची वजनं नव्यानं हिशोबात घेतली. बाकी कुणाचा गट बदलत नव्हता. बदलला तो एकीचाच. सरांनी फळ्यावरचे ऐंशी पुसले आणि पंच्याऐंशी लिहिले. खाली इंजिनचे चौऱ्याऐंशी तसेच राहिले. खरं बोलण्याचे गुण नियमात नव्हते आणि सरांनी ते आयत्या वेळी घुसवलेही नाहीत. मला ते बरोबर वाटलं. इंजिनलाही वाटलं असावं, कारण तिनं फळ्याकडे पाहून फक्त मान हलवली.

चिमणीची आई तोंडाला पदर लावून रडत होती. चिमणी मात्र गोंधळून उभी होती. जिंकल्यावर काय करायचं याचा तिला सराव नव्हता.

काकांनी वजनं पुन्हा गाडीवर चढवली. जाताना ते माझ्यापाशी थांबले, माझ्या फळीवरचे रंगाचे पापुद्रे हातानं झटकले आणि लेकीला म्हणाले, "चल, इंजिन. भूक लागली असेल." एरवी ते तिला त्या नावानं कधी हाक मारत नसत. तिनं गाडीची एक बाजू धरली आणि दोघं ती ढकलत गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. चिमणी शिबिरातून संघात गेली. तिथली पत्रं आणि फोटो सरांनी फळ्याशेजारी लावलेत. सरांचे हात आता थरथरतात, म्हणून ते खुर्चीवर बसून ओरडतात, आणि मुलींना शिकवते ती इंजिन. नव्या मुली तिला ताई म्हणतात. तिचं जुनं नाव त्यांना माहीत नाही, पण ती रिंगमध्ये उतरली की फुस्स फुस्स आवाज ऐकून त्या गालातल्या गालात हसतात. मध्यंतरी आकडे उजळणारा नवा काटा आणायचं चाललं होतं. ताई नको म्हणाली. म्हणाली, चुकायला तोही चुकेल, याची चूक निदान मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. अंगाला रंग द्या, हवा तेवढा द्या, मला आवडतो. पण माझं पितळ उघडं राहू द्या, आणि माझ्या रिकाम्या शून्यावर खूश होऊ नका. वर्षातून एकदा तरी माझ्यावर खरं वजन ठेवून बघा. मला राग येणार नाही. ज्याच्या शब्दावर कुणाचं तरी वर्ष ठरतं, त्याची परीक्षा व्हायलाच हवी.

आमच्याकडे ती वार्षिक दिवसाच्या सकाळी होते. मुली यायच्या आधी ताई एकटी येते. शिक्क्याची तीन वजनं वाकून एकेक करून फळीवर ठेवते आणि पितळी वजन सरकवते. दांडी मधोमध येऊन थांबेपर्यंत ती श्वास रोखून उभी असते, त्यामुळे हॉलमध्ये काहीच आवाज नसतो. साठ दिसतात. मग ती श्वास सोडते आणि मुलींसाठी दार उघडते.